अवर्षण-निर्देशांक आणि गोदावरीचे ऊर्ध्व खोरे : हवामानबदलाच्या मापनातील काही प्रश्न

पावसाच्या अपयशाला मराठीत एकच शब्द नाही. पाऊस न पडणे हे अवर्षण. विहिरी, तलाव व नद्या ह्यांचे पाणी गरजेस अपुरे पडणे ही टंचाई. आणि पीक, चारा, मजुरी व बाजार ह्या सर्वांचाच जमाखर्च कोलमडतो तेव्हा त्यास दुष्काळ म्हणावयाचे. शासकीय परिपत्रकांनी ‘टंचाईसदृश परिस्थिती’ हा आणखी एक शब्द ह्यांत घातला असून तो नेमक्या कोणत्या अवस्थेचा वाचक आहे हे सांगणे कठीण आहे. शास्त्रीय वाङ्मयात हवामानीय, कृषिविषयक, जलीय व सामाजिक-आर्थिक असे दुष्काळाचे जे चार प्रकार मानण्यात येतात, ते लोकव्यवहारातील ह्या भेदांहून फारसे निराळे नाहीत. अडचण एवढीच की, बोलताना पाळले जाणारे हे भेद मोजताना पुष्कळदा विसरले जातात.

एखाद्या नदीखोऱ्याचे हवामान बदलत आहे काय, ह्या प्रश्नाचे उत्तर अवर्षण-निर्देशांकांच्या साह्याने देण्याचा प्रघात गेल्या दोन-तीन दशकांत सर्वत्र रूढ झाला आहे. पावसाची जुनी नोंद घ्यावी, तिच्यापासून निर्देशांकाची मालिका तयार करावी, मालिकेचा कल काढावा, आणि कल ऋण आला की अवर्षणे वाढत आहेत असा निष्कर्ष नोंदवावा, ही पद्धत सोपी असल्यामुळे प्रबंधांतून ती वारंवार आढळते. परंतु निर्देशांक ही मुळात एक तुलना आहे. ती कशाची, कशाशी आणि किती मुदतीची, ह्या तीन गोष्टी ठरल्यावाचून तिच्या उत्तरास अर्थ येत नाही. आणि हवामानच बदलत असेल तर ‘कशाशी’ हाच प्रश्न सर्वांत अवघड होऊन बसतो. गोदावरीच्या पैठणपर्यंतच्या खोऱ्यात, किंबहुना सबंध मराठवाड्यात, ह्या प्रश्नाला निव्वळ शास्त्रीय महत्त्व नाही. तालुका दुष्काळी ठरणे, वसुली स्थगित होणे, वरच्या धरणांतून पाणी सोडले जाणे हे सर्व अशाच कोणत्या तरी आकड्यावर अवलंबून असते.

ऑगस्ट २०१९ चे उदाहरण ह्या संदर्भात पाहण्यासारखे आहे. त्या महिन्याच्या प्रारंभी नाशिक जिल्ह्याच्या घाटमाथ्यावर अतिवृष्टी झाली, गोदावरीस मोठा पूर आला आणि पैठणच्या नाथसागरातील उपयुक्त साठा थोड्याच दिवसांत नव्वद टक्क्यांच्या पुढे गेला. नेमक्या त्याच सुमारास मराठवाड्याचा बराच भाग कोरडा होता, आणि छत्रपती संभाजीनगर (तेव्हाचे औरंगाबाद) येथून कृत्रिम पावसासाठी ढगांत बीजारोपण करण्याचा प्रयोग चालू होता. पावसावर आधारलेला निर्देशांक त्या वेळी ऋण होता आणि जलाशयाच्या साठ्यावर आधारलेला धन. दोन्ही बरोबर होते. फक्त ते दोन वेगळ्या प्रदेशांविषयी बोलत होते.

खोऱ्याची सीमा व नोंदीची सीमा

त्र्यंबकेश्वरापाशी उगम पावणाऱ्या गोदावरीची लांबी १,४६५ किलोमीटर असून तिचे खोरे सुमारे ३.१३ लाख चौरस किलोमीटरचे आहे. त्यापैकी जवळजवळ निम्मे महाराष्ट्रात येते. पैठण येथील जायकवाडी धरणाचे पाणलोट क्षेत्र २१,७५० चौरस किलोमीटर आहे. ह्या क्षेत्रात पावसाचे मान अत्यंत विषम आहे. इगतपुरी-त्र्यंबकच्या माथ्यावर ते काही हजार मिलिमीटरांत मोजावे लागते, तर पूर्वेकडे शंभर-सव्वाशे किलोमीटर येताच, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, ते पाच-सहाशे मिलिमीटरवर उतरते. दारणा, प्रवरा, मुळा ह्या उपनद्या घाटाजवळच्या त्या अरुंद पट्ट्यातूनच बहुतेक पाणी आणतात. त्यामुळे सर्व पाणलोट क्षेत्राचा सरासरी पाऊस घेऊन काढलेला निर्देशांक क्षेत्रफळाने मोठ्या पण पाण्याने दरिद्री अशा पूर्वभागाकडे झुकतो. पूर्वभागाच्या पिकांविषयी तो पुष्कळ सांगतो. नदीच्या प्रवाहाविषयी त्यामानाने थोडे.

ह्यात दुसरा एक घोटाळा मिसळतो. भारतीय हवामान विभागाने पावसाच्या नोंदीसाठी देशाचे जे उपविभाग केले आहेत, त्यांत नाशिक व अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) हे जिल्हे ‘मध्य महाराष्ट्र’ ह्या उपविभागात पडतात. म्हणजे जायकवाडीत येणारे बहुतेक पाणी ज्या पावसाचे असते, तो पाऊस ‘मराठवाडा’ उपविभागाच्या मालिकेत मोजलाच जात नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने उपविभागवार पावसाची १८७१ पासूनची मालिका सिद्ध केली असून ती अत्यंत मोलाची आहे. परंतु मराठवाड्याची ती मालिका घेऊन नाथसागराच्या साठ्याशी तिचा सहसंबंध शोधावयाचा, आणि तो क्षीण निघाला म्हणून आश्चर्य करावयाचे, हा श्रम वाया जाणारा आहे.

मांजरा खोऱ्याची गोष्ट निराळी. मांजरा ही गोदावरीचीच उपनदी, पण ती बीड जिल्ह्यात बालाघाटच्या पठारावर उगम पावते. तिच्या पाठीशी घाटमाथ्याचा पाऊस नाही. येथे स्थानिक पाऊस, विहिरी आणि धनेगावच्या धरणातील साठा एकाच दिशेने चालतात. २०१४ व २०१५ ह्या लागोपाठच्या दोन मोसमांत मराठवाड्यातील पाऊस सरासरीपेक्षा सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी पडला, धनेगावचे धरण आटले, आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहरास मिरजेहून, म्हणजे कृष्णेच्या खोऱ्यातून, रेल्वेने पाणी आणावे लागले. एकाच मोठ्या खोऱ्यातील ह्या दोन उपखोऱ्यांना एकच निर्देशांक व एकच मुदत लावणे युक्त नाही, हे ह्यावरून ध्यानात यावे.

टक्केवारीपासून प्रमाणित निर्देशांकापर्यंत

सर्वांत जुने व सोपे माप म्हणजे सरासरीपासून पडणारी टक्केवारीची तूट. हवामान विभागाच्या रूढ व्याख्येत २६ ते ५० टक्के तूट म्हणजे मध्यम अवर्षण व त्याहून अधिक म्हणजे तीव्र अवर्षण. हे माप शेतकऱ्यास कळते व तलाठ्यास काढता येते, हा त्याचा मोठा गुण होय. दोष हा की, भिन्न ठिकाणच्या समान तुटी समान नसतात. कल्पना करावी की, घाटावरील एका केंद्राची सरासरी ३,००० मिलिमीटर व प्रमाण विचलन ६०० मिलिमीटर आहे, आणि पठारावरील दुसऱ्याची सरासरी ६०० व प्रमाण विचलन १८० मिलिमीटर आहे. तीस टक्क्यांची तूट पहिल्या ठिकाणी प्रमाण विचलनाच्या दीडपट ठरते, दुसऱ्या ठिकाणी केवळ एकपट. पहिली घटना साधारणतः पंधरा वर्षांतून एकदा घडणारी आहे, दुसरी सहा वर्षांतून एकदा. टक्केवारीच्या तक्त्यात मात्र दोघींची नोंद एकाच रकान्यात होईल.

ही उणीव दूर करण्यासाठी कोलोरॅडो राज्य विद्यापीठातील मॅकी, डोस्केन व क्लाइस्ट ह्यांनी १९९३ मध्ये प्रमाणित पर्जन्य निर्देशांक मांडला. एक, तीन, सहा, बारा अथवा अधिक महिन्यांचा एकूण पाऊस घ्यावयाचा, अनेक वर्षांच्या नोंदीस गॅमा वितरण बसवावयाचे, आणि प्रत्येक मूल्याची संभाव्यता प्रसामान्य वितरणाच्या मापात उतरवावयाची, अशी ही रीत आहे. उणे १ ते उणे १.५ मध्यम, उणे १.५ ते उणे २ तीव्र आणि उणे २ च्या खाली अतितीव्र, असे वर्ग त्यात मानतात. २००९ च्या लिंकन घोषणेनंतर जागतिक हवामान संघटनेने हवामानीय अवर्षणासाठी ह्याच निर्देशांकाची शिफारस केली. मोसमी पावसाच्या मासिक बेरजांना गॅमा वितरण चांगले जुळते, हे मूळे ह्यांनी आशियातील उन्हाळी मोसमी पावसाच्या नोंदींवरून १९७३ मध्येच दाखवून दिले होते. पुढे १९८० मध्ये भालमे व मूळे ह्यांनी केवळ मासिक पावसावर आधारलेला एक अवर्षण-निर्देशांकही सिद्ध केला. पामर ह्यांच्या १९६५ च्या सुप्रसिद्ध निर्देशांकास मृदेतील ओलाव्याचा हिशेब व तापमान लागते. भारतातील जुन्या नोंदींना पेलेल असे त्याचे साधे रूप भालमे-मूळे निर्देशांकाने दिले. परदेशी सूत्रे जशीच्या तशी उचलण्याच्या आजच्या घाईत ह्या कामाकडे दुर्लक्ष झाले आहे, ही खेदाची गोष्ट होय.

मुदतीची निवड ही प्रमाणित निर्देशांकाची खरी किल्ली आहे, व ती खोऱ्याच्या प्रकृतीवरून ठरवावी लागते. खरिपाच्या कापूस, सोयाबीन वा तुरीसाठी एक ते तीन महिन्यांची मुदत योग्य. रब्बी ज्वारी काळ्या जमिनीत सप्टेंबरअखेर साठलेल्या ओलीवर येते, म्हणून तिच्यासाठी ऑगस्ट-सप्टेंबरची बेरीज अधिक बोलकी. विहिरींच्या बाबतीत पाठ्यपुस्तके बारा ते चोवीस महिने सांगतात. पण ती सूचना प्रायः खोल गाळाच्या प्रदेशांच्या अनुभवावर आधारलेली आहे. मराठवाड्याचा पाया बेसाल्टचा. त्याच्या वरच्या झिजलेल्या व भेगाळ थरातच काय ते पाणी राहते, आणि तो थर एका चांगल्या पावसाळ्यात भरतो व एका वाईट पावसाळ्यात रिकामा होतो. येथील विहिरींची स्मृती अल्प आहे. सहा ते बारा महिन्यांपलीकडची मुदत त्यांना लागू पडत नाही. मोठ्या जलाशयाची स्मृती मात्र दोन-तीन वर्षांची असू शकते. शिवाय जानेवारी ते मे ह्या काळात एका महिन्याच्या मुदतीचा निर्देशांक काढणे येथे निरर्थकच होय. जेथे मार्च महिना बहुधा कोरडा जातो, तेथे एखाद्या वळवाच्या सरीने निर्देशांक अधिक दोनवर जाऊन बसतो आणि नकाशा निळा होतो. जमिनीची धूळ मात्र बसत नाही.

मोसमाची बेरीज घेतल्याने आणखी एक गोष्ट झाकली जाते. ऑगस्ट २०२३ मध्ये देशभरातील पाऊस सरासरीपेक्षा ३६ टक्क्यांनी कमी पडला. १९०१ पासूनच्या नोंदीत इतका कोरडा ऑगस्ट नव्हता. जुलै व सप्टेंबर ह्यांनी बेरीज बरीचशी सावरली, पण फुलोऱ्यातील पीक बेरजेवर जगत नाही. मध्य भारतात विस्तृत क्षेत्रावरील अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ ह्या काळात तिपटीने वाढल्याचे रॉक्सी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखविले आहे. थोड्या दिवसांत अधिक पाऊस आणि मध्ये लांब उघडीप, असे मोसमाचे स्वरूप होत असेल तर चार महिन्यांचा निर्देशांक शून्याजवळ राहूनही अवर्षण वाढू शकते. सप्टेंबर २०२५ मधील मराठवाड्याची अतिवृष्टी ज्यांनी पाहिली, त्यांना एका महिन्याने सबंध मोसमाचा आकडा कसा फिरतो हे वेगळे सांगावयास नको.

‘सरासरी’ ही कोणत्या काळची ?

आता मुख्य प्रश्नाकडे वळता येईल. निर्देशांकाचे शून्य म्हणजे आधारकालाची सरासरी. हा आधारकाल दर दहा वर्षांनी पुढे सरकविण्याची हवामानशास्त्रात प्रथा आहे. भारतीय हवामान विभागाने एप्रिल २०२२ मध्ये नैर्ऋत्य मोसमी पावसाची देशाची दीर्घकालीन सरासरी १९६१–२०१० च्या ८८०.६ मिलिमीटरवरून १९७१–२०२० च्या ८६८.६ मिलिमीटरवर आणली. बारा मिलिमीटरांचा हा फरक लहान दिसतो. परंतु पूर्वी जो मोसम सरासरीच्या किंचित खाली म्हणून नोंदला गेला असता, तो आता बरोबर सरासरीवर येतो. पूर्वानुमानासाठी ही प्रथा उचित आहे, कारण शेतकऱ्यास हल्लीच्या अनुभवाशी तुलना हवी असते. हवामानबदल मोजण्यासाठी मात्र ती घातक आहे.

हे थोड्या गणिताने स्पष्ट होईल. निर्देशांक उणे १.५ च्या खाली जाण्याची संभाव्यता, हवामान स्थिर असता, ६.७ टक्के, म्हणजे पंधरा वर्षांतून एकदा. पावसाची सरासरी प्रमाण विचलनाच्या निम्म्याने घटली व आधारकाल जुनाच ठेवला, तर हीच संभाव्यता १५.९ टक्के होते. तीव्र अवर्षण सहा वर्षांतून एकदा येऊ लागते. सरासरी न बदलता केवळ प्रमाण विचलन वीस टक्क्यांनी वाढले तरी ती १०.६ टक्क्यांवर जाते. परंतु बदल पूर्ण झाल्यानंतरच्या तीस वर्षांचाच नवा आधारकाल घेतला, तर संभाव्यता पुन्हा ६.७ टक्क्यांवर येते, कारण निर्देशांक तसाच घडविलेला आहे. जे बदलले तेच मापाच्या पट्टीत मुरून गेले. प्रदेश खरोखर कोरडा झालेला असूनही त्याची नोंद ‘सामान्य’ अशी होते; आणि निकष अशा नोंदीवर बेतलेले असतील तर त्या तालुक्याच्या वाट्याला सवलत येत नाही. म्हणून बदलाच्या अभ्यासात आधारकाल एकदा निश्चित करून, तो प्रबंधात स्पष्ट नमूद करून, शेवटपर्यंत तोच पाळला पाहिजे.

ह्याचा अर्थ सरासरी घटली की हवामानबदल सिद्ध झाला, असाही नव्हे. मोसमी पावसात काही दशकांचे ओले व कोरडे पर्व आलटून पालटून येतात. वर सांगितलेली सरासरीतील घट हवामान विभागाने अशाच नैसर्गिक पर्वाशी जोडली आहे. भूविज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालानुसार १९५१ ते २०१५ ह्या काळात देशातील मोसमी पाऊस सुमारे सहा टक्क्यांनी घटला, आणि ही घट गंगेच्या मैदानात व पश्चिम घाटात विशेष जाणवली. गोदावरीचे शीर्ष पश्चिम घाटातच असल्यामुळे ऊर्ध्व खोऱ्याच्या अभ्यासकाने ह्या विधानाकडे काळजीने पाहावे. पण १९५० चे दशक हे तुलनेने ओले होते. मालिका तेथून सुरू केली की कल उतरता दिसणे स्वाभाविक आहे. तीच मालिका १८७१ पासून घेतली तर चित्र पालटू शकते. आरंभवर्ष बदलून कल टिकतो काय, हे पाहिल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवू नये.

कलाच्या परीक्षेविषयी येथेच एक सूचना आवश्यक वाटते, कारण प्रबंधांतील सर्वांत नेहमीची चूक हीच आहे. पन्नास वर्षांच्या नोंदीवरून बारा महिन्यांच्या मुदतीचा निर्देशांक दरमहा काढला की सुमारे सहाशे आकडे हाती येतात, आणि त्यांवर मान-केंडाल परीक्षा लावली की कल बहुधा ‘अर्थपूर्ण’ ठरतो. परंतु शेजारच्या दोन महिन्यांच्या निर्देशांकांत अकरा महिन्यांचा पाऊस सामाईक असतो. स्वतंत्र माहिती सहाशे आकड्यांची नसून पन्नास वर्षांचीच आहे. हमीद व राव ह्यांनी १९९८ मध्ये सुचविलेली दुरुस्ती वापरावी, अथवा दरवर्षाचा सप्टेंबरअखेरचा एकच आकडा घ्यावा. असे केल्यावर कितीतरी कल नाहीसे होतात. जे उरतात ते विचारात घेण्याजोगे असतात.

उष्णतेचा वाटा

केवळ पावसावरील निर्देशांकास तापमानवाढ दिसत नाही. देशाचे सरासरी तापमान १९०१ ते २०१८ ह्या काळात सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढले. उष्ण हवा अधिक बाष्प धरू शकते, अंशामागे सुमारे सात टक्के. म्हणजे हवेची तहान वाढते, आणि तेवढ्याच पावसात जमीन लवकर कोरडी पडते. ही बाजू हिशेबात घेण्यासाठी विसेंते-सेर्रानो, बेगेरिया व लोपेस-मोरेनो ह्यांनी २०१० मध्ये पाऊस वजा संभाव्य बाष्पोत्सर्जन ह्या फरकावर आधारलेला निर्देशांक मांडला. संभाव्य बाष्पोत्सर्जन म्हणजे पाण्याची वाण नसती तर जमीन व वनस्पती ह्यांनी मिळून हवेत सोडले असते तेवढे पाणी. हवामानबदलाच्या अभ्यासात हा निर्देशांक आता पहिल्यापेक्षाही अधिक वापरला जातो.

तथापि हा ‘असते’ फार महत्त्वाचा आहे. मराठवाड्यात वर्षाचे संभाव्य बाष्पोत्सर्जन पावसाच्या दुपटीहून अधिक असते. एप्रिल-मे मध्ये हवेची तहान कमाल असते, पण जमिनीत उडून जावयास पाणीच नसते. त्या महिन्यांत तापमान एका अंशाने वाढले तर निर्देशांक खाली येतो, प्रत्यक्ष पाण्याचा ऱ्हास मात्र, उघडे जलाशय व बागायती सोडल्यास, नाममात्र वाढतो. शिवाय कार्यकारणाची दिशाही येथे उलटी होऊ शकते. पाऊस न पडल्याने आकाश निरभ्र राहते, जमीन कोरडी पडते, म्हणून तापमान चढते; ते चढलेले तापमान पुन्हा निर्देशांकात घातले की एकाच अवर्षणाची गणना दोनदा होते.

संभाव्य बाष्पोत्सर्जन काढण्याच्या सूत्रावरही बरेच अवलंबून आहे. थॉर्नथ्वेट ह्यांचे १९४८ चे सूत्र मुख्यतः तापमानावर चालते, आणि तापमानाची नोंद सर्वत्र उपलब्ध असल्यामुळे तेच हाताशी येते. पेनमन ह्यांचे त्याच वर्षीचे सूत्र व त्याची आजची सुधारलेली रूपे किरणोत्सर्ग, वारा व आर्द्रता ह्यांचाही विचार करतात. शेफील्ड, वुड व रॉडरिक ह्यांनी २०१२ मध्ये दाखविले की, पामर निर्देशांकात थॉर्नथ्वेटऐवजी पेनमनची पद्धत वापरताच मागील साठ वर्षांत जगभर अवर्षणे वाढल्याचा निष्कर्ष जवळजवळ विरून जातो. भारतापुरते बोलावयाचे तर चट्टोपाध्याय व ह्यूम ह्यांना १९९७ मध्ये असे आढळले होते की, तापमान वाढत असूनही बाष्पीभवन-पात्रांतून मोजलेले बाष्पीभवन व संभाव्य बाष्पोत्सर्जन दोन्ही घटत होती. आर्द्रता, वारा व सूर्यप्रकाश ह्यांतील बदल तापमानाच्या परिणामास मागे सारू शकतात, हा त्याचा बोध होय. ज्या प्रबंधात थॉर्नथ्वेटच्या सूत्राने मराठवाड्याचे वाळवंट होत असल्याचे भाकीत केलेले असेल, तेथे प्रथम हे पान उघडून पाहावे.

प्रवाह, साठा आणि माणसाचा हात

प्रवाहावर किंवा साठ्यावर आधारलेले निर्देशांक जनतेच्या अनुभवाला सर्वांत जवळचे असतात, आणि हवामानबदलाच्या दृष्टीने सर्वांत संदिग्ध. जायकवाडीचा पायाभरणी समारंभ १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्री ह्यांच्या हस्ते झाला व २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी धरणाचे उद्घाटन केले. त्याची उपयुक्त साठवण २,१७१ दशलक्ष घनमीटर, म्हणजे सुमारे साडेशहात्तर अब्ज घनफूट. परंतु दारणा १९१६ मध्ये व भंडारदरा १९२६ मध्येच बांधून झाले होते. त्यांत गंगापूर, मुळा, निळवंडे व अनेक लहानमोठ्या प्रकल्पांची भर पडत गेली. पाऊस तिळमात्र न बदलताही पैठणच्या आवकेत ह्यामुळे घट होणार, हे उघड आहे. त्या घटीचा कल काढून तो हवामानाच्या खाती टाकला, तर उसाच्या पाण्याचा, कालव्यांच्या गळतीचा व विंधनविहिरींचा हिशेब कोणासच द्यावा लागत नाही. उलट सर्व दोष वरच्या धरणांवर टाकला, तर घाटमाथ्यावरील पावसात खरोखर काही पालट होत असल्यास तो दृष्टीआड होतो.

दोहोंची विभागणी करण्याची एक साधी वाट आहे. घाटपट्ट्यातील केंद्रांच्या पावसाचा निर्देशांक व पैठणच्या आवकेचा निर्देशांक एकाच निश्चित आधारकालावर शेजारी शेजारी मांडावेत. दोन्ही बरोबरीने उतरत असतील तर कारण बव्हंशी हवामानात. पाऊस स्थिर असून आवकच उतरत असेल तर ते वापरात शोधावे. त्याहून चांगले म्हणजे वरच्या धरणांतील साठे, सोडलेले पाणी व बाष्पीभवन परत मिळवून ‘नैसर्गिक’ प्रवाहाची मालिका घडविणे. काम कष्टाचे आहे, कारण नोंदी निरनिराळ्या कचेऱ्यांत विखुरलेल्या आहेत. पण त्यावाचून प्रवाहाच्या निर्देशांकावरून हवामानाविषयी विधान करणे धाडसाचे ठरेल.

प्रशासनासही ही अडचण चुकलेली नाही. पूर्वी पैसेवारी पन्नास पैशांहून कमी आली की गाव टंचाईग्रस्त समजले जाई. केंद्र शासनाच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेने पावसाची तूट हा प्राथमिक निकष ठरवून त्याच्या जोडीस पेरणीचे क्षेत्र, उपग्रहावरून दिसणारी वनस्पतींची स्थिती, मृदेतील ओलावा आणि जलाशय, भूजल व प्रवाह ह्यांचे निर्देशांक ठेवले. महाराष्ट्राने ऑक्टोबर २०१७ मध्ये ती पद्धत स्वीकारली व तिच्या आधारे ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. ह्यामुळे एक सूक्ष्म अडचण उद्भवली आहे : जाहीर झालेल्या दुष्काळांची संख्या ही हवामानाची मालिका म्हणून वापरता येत नाही. २०१७ पूर्वीचे व नंतरचे दुष्काळ दोन वेगळ्या मापांनी मोजलेले आहेत.

ऊर्ध्व गोदावरीत पाण्याच्या वाटपाचा आधारही शेवटी एक निर्देशांकच आहे. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, २००५ मधील समन्यायी वाटपाच्या तरतुदीवरून मेंढेगिरी समितीने २०१३ मध्ये सूत्र सुचविले व प्राधिकरणाने १९ सप्टेंबर २०१४ च्या आदेशाने ते लागू केले. १५ ऑक्टोबर रोजी जायकवाडीत, खरिपाचा वापर धरून, ६५ टक्के उपयुक्त साठा नसेल तर वरच्या धरणांतून तूट भरून काढावयाची, असे त्याचे सार. २०२३ मध्ये ह्याच नियमाने ८.६ अब्ज घनफूट पाणी सोडण्याचा आदेश निघाला आणि दोन्हीकडे आंदोलने झाली. ह्या निकषात तारीख ठरलेली आहे. परंतु मोसमी वाऱ्यांच्या परतीचा प्रारंभ हवामान विभागाने २०२० मध्ये १ सप्टेंबरवरून १७ सप्टेंबरवर नेला आहे. ऑक्टोबरच्या उत्तरार्धातील पाऊस वाढत असेल तर १५ तारखेचा आकडा पूर्वीइतका अंतिम राहत नाही. छेदाचीही तीच गत. उपयुक्त साठवणीचा आकडा मूळ संकल्पातील आहे; गोदावरी दरवर्षी गाळ आणून टाकते, आणि नाथसागर उथळ व विस्तीर्ण असल्याने बाष्पीभवनही त्यातून मोठे होते. जुन्या छेदावर काढलेले ६५ टक्के आणि गाळाचे नवे मोजमाप घेऊन काढलेले ६५ टक्के ह्यांत प्रत्यक्ष पाण्याचा किती फरक पडतो, हे काढणे एखाद्या पदव्युत्तर प्रबंधाच्या आवाक्यातील काम आहे.